शिडाच्या बोटीनं सेशेल्स: आठवडाभराच्या बेटफेरीची तयारी, पायरी पायरीनं

सेशेल्सला यॉट भाड्यानं घेऊन फिरायचं ठरलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी बेटांची यादी पडते. प्रालँ, ला दीग, क्यूरियूझ, कुझँ, आरीद. सोमवारी कुठे, मंगळवारी कुठे, कोणत्या किनाऱ्यावर फोटो काढायचे, सगळं ठरून जातं. हॉटेलच्या सहलीला हे चालतं. शिडाच्या बोटीवर दिवस वारा ठरवतो, आणि रात्रीचा मुक्काम कुठे हे त्या दिवशी बेटाची कोणती बाजू वाऱ्याआड आहे त्यावर ठरतं. म्हणून इथे बेटांच्या आधी वाऱ्याचं बोलू.

सेशेल्सच का, हे थोडक्यात. देशात ११५ बेटं आहेत, पण भाड्याच्या बोटी फिरतात त्या माहे हे मुख्य बेट, प्रालँ, ला दीग आणि त्यांच्या आसपासच्या ग्रॅनाइटच्या बेटांत. ही बेटं ४ ते ५ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत आणि चक्रीवादळांचा नेहमीचा पट्टा त्यांच्या खाली राहतो. एक मोठा टप्पा सोडला तर बाकी सगळी अंतरं तास-दोन तासांची. मुंबईहून माहेला थेट विमान मिळतं, साधारण साडेचार तासांचं. व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावीच लागते. तिच्यात राहण्याचा पत्ता विचारतात, तिथे बोटीचं बुकिंग आणि बोट ताब्यात येण्याआधीच्या रात्रीचं हॉटेल द्यायचं.

पहिली पायरी: महिना

मे ते ऑक्टोबर तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. हेच वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी म्हणून येतात. म्हणजे कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात तेव्हा तिकडे शिडाचा मोसम ऐन भरात असतो. जुलै-ऑगस्टमध्ये १५ ते २५ नॉट (म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल) वारा रोजचा, आणि बेटांच्या पूर्व-दक्षिण बाजूला समुद्र चांगलाच खवळलेला. हवा कोरडी आणि थोडी गार. ज्यांना खरोखर शिडं ओढायची आहेत त्यांच्यासाठी हा काळ उत्तम. आजी-आजोबा आणि सात वर्षांचा नातू बरोबर असेल तर मी तरी या दोन महिन्यांच्या वाटेला जाणार नाही.

डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा. एकूण हलका, पण मधूनच पावसाची सर वारा घेऊन अंगावर येते. डिसेंबर-जानेवारीत पाऊस सर्वांत जास्त. नाताळच्या सुट्टीत बोटींचे दरही चढे, त्यामुळे महागात भिजायची तयारी असेल तरच हा काळ निवडा.

उरले दोन सांधे: एप्रिल, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर. वारा पडलेला, पाणी काचेसारखं, स्नॉर्केलिंगला याहून चांगले दिवस नाहीत. इंजिन जास्त चालवावं लागतं, तेवढी कुरकुर ऐकून घ्यायची. दिवाळीची सुट्टी बहुतेक वर्षी नेमकी याच काळात येते. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला माझं उत्तर हेच असतं. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर पहिला पंधरवडा धरा.

दुसरी पायरी: बोट आणि तिचा तांडेल

भाड्यानं घ्यायचे तीन प्रकार. बेअरबोट म्हणजे नुसती बोट, चालवणार तुम्ही. दुसरा स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या तांडेलासकट. तिसरा केबिन चार्टर, ज्यात एकच खोली घ्यायची, बाकी खोल्यांत दुसरी माणसं, मार्ग कंपनीचा. दोघंच जाणार असाल तर तिसरा प्रकार खिशाला आणि डोक्याला दोन्हीला हलका.

बेअरबोटसाठी कंपनी प्रमाणपत्र मागते आणि त्याशिवाय तुमचा नौकानयनाचा अनुभवही लिहून मागते: कुठे, किती मोठी बोट, किती मैल. आर.वाय.ए. डे स्किपर, आय.वाय.टी. बेअरबोट स्किपर, ए.एस.ए. १०४ ही त्यातली नेहमीची नावं. कोणतं चालेल हे बुकिंगआधी ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या ‘हो, चालेल’ला धक्क्यावर किंमत नसते. आणि प्रमाणपत्र ताजं असलं तरी पहिले एक-दोन दिवस स्किपर बरोबर घ्यायला कमीपणा वाटू देऊ नका. बहुतेक कंपन्या अशी सोय देतात.

आपल्याकडचे बहुसंख्य लोक स्किपर घेऊनच जातात आणि तेच योग्य. त्याचं मानधन भाड्यात धरलेलं असतं की वेगळं, हे आधी विचारा. त्याचं जेवण तुमच्याकडे असतं आणि झोपायची स्वतंत्र जागा तुम्हाला द्यावी लागते. चार केबिनच्या बोटीत आठ जण कोंबले की तो झोपणार कुठे? पुढच्या टोकाला असते ती अरुंद खोपटी उकाड्यात कोणाला द्यायची नसते, आणि रात्रभर न झोपलेला तांडेल सकाळी खडकांतून तुम्हाला नेणार असतो. तीन केबिन तुमच्या, चौथी त्याची, असा हिशेब धरा.

बोट कॅटामरान घ्या. दोन कण्यांची बोट कलत नाही, डेक ऐसपैस असतो, आणि ती मीटर-सव्वा मीटर पाण्यातही तरंगते, म्हणून किनाऱ्याच्या जवळ जाता येतं. एका कण्याची मोनोहल वाऱ्यावर कलून धावते तेव्हाची मजा वेगळीच, स्वस्तही पडते. पण कललेल्या स्वयंपाकघरात चहा करायची हौस घरातल्या सगळ्यांना नसते.

कराराचे कागद आले की भाड्याच्या आकड्याकडे शेवटी बघा. अनामत किती हजार युरोंची, ती कार्डावर अडवून ठेवतात की कापून घेतात, आणि थोडी जास्त रक्कम भरून ती कमी करता येते का, हे आधी. आपल्या क्रेडिट कार्डाची परदेशातली मर्यादा त्या रकमेला पुरत नाही, हे धक्क्यावर कळलं तर पहिला दिवस बँकेच्या हेल्पलाइनवर जातो. मग डिझेल, शेवटची सफाई, चादरी-टॉवेल, डिंगीचं (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं) पेट्रोल, सागरी उद्यानांची फी यांतलं भाड्यात काय धरलंय. प्रवास विम्यात शिडाची बोट आणि स्नॉर्केलिंग बसतं का, तेही वाचून घ्या.

तिसरी पायरी: माणसं

बुकिंगचे पैसे भरण्याआधी सगळ्यांना एकदा बोटीवर बसवून पाहा. पावसाळा सोडून मुंबईत गेटवेसमोर शिडाची बोट तासांच्या हिशेबानं मिळते. दुपारच्या वाऱ्यात दोन-तीन तास काढले की कोणाला बोट लागते, कोण घाबरतं, आणि कोणाला सतत सूचना द्यायची सवय आहे, हे सगळं बाहेर पडतं. शेवटचा प्रकार सर्वांत त्रासाचा.

बोट लागते त्यांनी औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि निघण्याच्या तासभर तरी आधी घ्यावं. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात राहत नाही. झोप आणणाऱ्या गोळ्या असतात, म्हणून आधी घरी एकदा घेऊन पाहा. बोटीवर असं माणूस केबिनमध्ये आडवं व्हायला जातं आणि तिथेच फसतं. त्याला मागच्या बाजूला उघड्यावर बसवा, क्षितिजाकडे बघू द्या, हातात मोबाइल देऊ नका. माहे ते प्रालँ हा एकच टप्पा लांबचा आहे. तो झेपणारच नसेल तर त्या मंडळींना कॅट कोको या प्रवासी फेरीबोटीनं पाठवा. तासाभरात पोचतात, आणि आपण त्यांना प्रालँच्या धक्क्यावरून उचलून घेऊ शकतो.

पोहता न येणारे बरोबर असतील तर नियम पहिल्या दिवशीच सांगून टाका: बोट चालू असताना आणि डिंगीत लाइफ जॅकेट अंगावर, मग समुद्र कितीही शांत असो. रात्री एकट्यानं डेकवर कडेला जायचं नाही.

सामान मऊ पिशव्यांत भरा. कडक सुटकेस ठेवायला बोटीवर जागाच नसते. पूर्ण बाह्यांचे पोहायचे सदरे, टोपीला बंद, प्रवाळाला अपाय न करणारं सनस्क्रीन, पाण्यात घालायचे बूट, आणि चेहऱ्याला नीट बसणारा स्वतःचा मास्क. विषुववृत्ताजवळचं ऊन ढगातूनही भाजतं. भिंतीतला प्लग ब्रिटिश चौकोनी पिनांचा असतो. फोनसाठी तिथे एअरटेलचंच सिम मिळतं, फक्त ते सेशेल्सचं घ्यायचं. आणि पाण्याचा एक मग न्या. बोटीच्या संडासात जेट स्प्रे नसतो, कागद आत टाकला तर नळी तुंबते, आणि ती साफ करायचे पैसे अनामतीतून जातात. मग असला की निम्मे प्रश्न मिटतात.

चौथी पायरी: किराणा, गॅस, पाणी

सेशेल्समध्ये बहुतेक सगळं आयात होतं, म्हणून महाग. ताजी भाजी, फळं आणि मासळी राजधानी व्हिक्टोरियाच्या सेल्विन-क्लार्क मार्केटमध्ये घ्या, तीही सकाळी. गावात भारतीय किराण्याची दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-कणीक तिथे मिळते. जवळच विनायकाचं देऊळ आहे, तमिळ धाटणीचं, रंगीत गोपुराचं. प्रवासाला निघताना गणपतीला नमस्कार करायची सवय असेल तर बाजारच्या फेरीतच होऊन जातं.

घरून न्यायचं ते हलकं आणि सीलबंद: पोहे, रवा, मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, तयार उपम्याची पाकिटं. ताजी फळं, भाज्या, बियाणं, रोपं नेऊ नका. खाण्याचं जे काही नेताय ते विमानतळावर जाहीर करा.

बोटीवर दोन-तीन शेगड्यांचा गॅस असतो. कुकर न्यावा असं मी सांगेन, पण तीन लिटरचा, बुटका. शेगडीला भांडं अडकवायचे चिमटे असतात, त्यांत उंच कुकर बसत नाही. स्वयंपाक नांगर टाकलेला असतानाच करा. दुपारचं जेवण चालत्या बोटीवर होणार असेल तर सकाळीच दहीभात, दशम्या, उकडलेली अंडी असं करून ठेवा. सिलिंडरचा मुख्य खटका प्रत्येक वेळी काम झाल्यावर बंद. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साठून राहतो आणि तिथे वास यायला वेळ लागतो.

पाण्याचा हिशेब आधीच कागदावर करा. समजा टाकी ७०० लिटरची, माणसं आठ, दिवस सात. म्हणजे माणशी रोज साडेबारा लिटर. घरच्या एका अंघोळीला आपण याहून जास्त वापरतो. म्हणून समुद्रात डुंबून वर आल्यावर मागच्या पायरीवरच्या शॉवरनं अर्धा मिनिट अंगावर पाणी, की झाली अंघोळ. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, मग गोड्या पाण्यानं विसळून. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र बोटीवर असेल तर चैन, पण ते चालवायला जनरेटर लागतो. वाटेत टाकी कुठे भरता येईल हे कंपनीकडून नकाशावर खूण करून घ्या. प्यायचं पाणी वेगळं, मोठ्या कॅनमध्ये.

पाचवी पायरी: बोट ताब्यात घेताना

बहुतेक बोटी माहेच्या पूर्व किनाऱ्यावर ईडन आयलंड या भराव घालून केलेल्या बेटाच्या मरीनात मिळतात. दुपारी ताबा, मग बोटीची माहिती, मग नकाशाची. विमानातून उतरून थेट इथे आलात तर यातलं अर्धं डोक्यावरून जातं, म्हणून एक रात्र माहेत काढून मगच बोट घ्या.

माहिती देणारा घाईत असतो, तुम्ही असू नका. स्किपर असला तरी घरातल्या दोघांनी तरी सोबत फिरावं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढावा. खोली दाखवणारं यंत्र पाण्याच्या पातळीपासून मोजतं की बोटीच्या तळापासून, हा पहिला प्रश्न. मीटर-सव्वा मीटरचा फरक पडतो. नांगराची साखळी किती मीटर आणि तिच्यावर दर किती मीटरला रंग मारलाय. नांगर ओढणारी मोटर बंद पडली तर हातानं कसा ओढायचा. लाइफ जॅकेटं मोजा, मुलांच्या मापाची आहेत ना बघा. डिंगीचं इंजिन स्वतः दोन वेळा सुरू करून बघा. आठवडाभर सर्वांत जास्त कुरकुर तेच करतं. व्हीएचएफ रेडिओवर संकटात हाक मारायचं १६ नंबरचं चॅनल कसं लावायचं आणि काय बोलायचं, हे एकट्या स्किपरला माहीत असून भागत नाही. स्किपरच पाण्यात पडला तर?

आधीचे ओरखडे, फाटलेली शिवण, वाकलेली कठडी, सगळ्याचे फोटो आणि यादीत नोंद.

सहावी पायरी: मार्ग

पहिल्या दिवशी दुपार उलटलेली असते, म्हणून समोरच्या सँत आन सागरी उद्यानात जाऊन थांबायचं. तासाभराचंही अंतर नाही. हिंद महासागराच्या या भागातलं हे सर्वांत जुन्या सागरी उद्यानांपैकी एक, १९७३ मधलं. तिथलं म्वायेन हे चिमुकलं बेट ब्रेंडन ग्रिमशॉ या इंग्रज पत्रकारानं १९६२ मध्ये ८,००० पौंडांना विकत घेतलं. रेने लाफॉर्च्युन या स्थानिक सोबत्याबरोबर त्यानं तिथे हजारो झाडं लावली, कासवं आणून सोडली, आणि हॉटेलवाल्यांना बेट विकायला अखेरपर्यंत नकार दिला. २०१२ मध्ये तो वारला. बेट आज राष्ट्रीय उद्यान आहे. पायवाटेनं तासाभरात फिरून होतं.

दुसऱ्या दिवशी मोठा टप्पा: माहे ते प्रालँ, साधारण २५ सागरी मैल, सहा नॉटनं चार-पाच तास. इथे भूगोल आपल्या बाजूनं आहे. प्रालँ माहेच्या बरोबर ईशान्येला. वारा आग्नेयेचा असो की वायव्येचा, तो बोटीला आडवाच लागतो, आणि आडव्या वाऱ्यावर शिडाची बोट सर्वांत सुखानं पळते. परत येतानाही तेच, फक्त वारा दुसऱ्या बाजूनं. सकाळी सात-साडेसातला निघा. दुपारी सूर्य वर असतानाच पोचायला हवं, कारण प्रवाळ दिसतं ते तेव्हाच. पाणी गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं-निळं म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ किंवा खडक. सूर्य पाठीशी असेल तर हे रंग स्वच्छ कळतात. तो समोर असला की सगळं पाणी नुसतं चांदीसारखं चमकतं आणि खालचं काहीच दिसत नाही. सूर्य वर्षभर सव्वासहा-साडेसहाच्या सुमाराला मावळतो आणि विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार टिकत नाही. रात्री बोट चालवायला कराराची मनाईच असते. चारला नांगर पाण्यात, हे वेळापत्रक धरा.

प्रालँच्या बाजूला आलात की मग वारा बघून बाजू निवडायची.

वारा आग्नेयेचा असेल तर वायव्येला तोंड असलेला आन्स लाझिओ तुमचा. दोन्ही टोकांना ग्रॅनाइटच्या शिळा, मध्ये पांढरी वाळू, पाणी शांत. वायव्येच्या मोसमात याच जागी लाटा थेट आत येतात आणि रात्रभर बोट डोलत राहते. तेव्हा दिवसा बघून घ्या आणि मुक्कामाला क्यूरियूझच्या दक्षिण बाजूला बे लारेत जा. प्रालँ आणि क्यूरियूझच्या मधल्या या पाण्याला दोन्ही बेटांची आड मिळते, म्हणून बहुतेक काळ इथे निभतं.

क्यूरियूझला अर्धा दिवस द्याच. फी घ्यायला वनरक्षक येतात, तेव्हा थोडी रोकड जवळ ठेवा. उतरताच अल्दाब्रा या दूरच्या बेटाहून आणलेली महाकाय कासवं मोकळी फिरताना दिसतात. मान खाजवली तर ती चार पाय ताठ करून उभी राहतात आणि मान लांबवत नेतात, डोळे अर्धे मिटून. त्यांना खायला घालू नका आणि पाठीवर मुलं बसवू नका. पुढे खारफुटीतून लाकडी वाट जाते. पलीकडच्या किनाऱ्यावर डॉक्टरांचं जुनं घर आहे. १८३३ पासून १९६५ पर्यंत या बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत होती. वाटेवर बेटावरचे नर आणि मादी असे दोन वेगळे दर्याई नारळाचे माडही दिसतील. हे झाड नैसर्गिकरीत्या जगात प्रालँ आणि क्यूरियूझ या दोनच बेटांवर उगवतं.

जवळच सेंट पिएर हे चार शिळा आणि काही माड एवढंच बेटुकलं. स्नॉर्केलिंगला सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर दिवसाच्या सहलींच्या बोटी येतात. मुक्काम तिथे नको.

कुझँ हे पक्ष्यांचं राखीव बेट, प्रालँच्या पश्चिमेला. १९६८ मध्ये एका पक्षीसंरक्षण संस्थेनं ते विकत घेतलं तेव्हा सेशेल्स वॉर्बलर हा इवलासा पक्षी जगात तीसहून कमी उरला होता आणि तो फक्त इथेच होता. आज त्यांची संख्या हजारोंवर गेली आहे आणि इतर बेटांवरही त्यांना वसवलं आहे. इथे आपली डिंगी किनाऱ्याला लावता येत नाही, उंदीर-घुशी येऊ नयेत म्हणून. बेटावरची माणसं स्वतःच्या होडीतून नेतात, भरतीच्या लाटेवर होडी वाळूत घुसवतात, ती मजा वेगळीच. भेट बहुधा आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळीच असते, म्हणून मार्ग आखताना शनिवार-रविवार इथे टाकू नका. ऑक्टोबर ते जानेवारीत हॉक्सबिल (ससाण्यासारख्या चोचीची) कासवं इथे भरदिवसा अंडी घालायला वर येतात. उत्तरेच्या आरीदलाही असंच, पण तिथे उतरायला समुद्र फार शांत हवा. आग्नेयेच्या जोराच्या दिवसांत नाद सोडा.

ला दीग प्रालँपासून चारेक मैलांवर. ला पास हे तिथलं बंदर लहान आणि गर्दीचं. नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, नांगर टाकून मागून किनाऱ्याला दोर बांधायचा, आणि हे करताना शेजारच्या पाच बोटी तुमच्याकडे बघत असतात. वारा असेल तर स्किपर सांगेल तसंच करा, दोर हातात गुंडाळून धरू नका, मुलांना आत पाठवा. बेटावर सायकली भाड्यानं घ्यायच्या. आन्स सूर्स दार्जांला बोटीनं जाता येत नाही, समोर उथळ प्रवाळ आहे. ल्युनियों इस्टेटचं तिकीट काढून सायकलनं जा, ओहोटी असेल तर शिळांच्या कडेनं पाण्यातून चालत पुढपर्यंत जाता येतं. मागच्या बाजूचा ग्रांद आन्स दिसायला भव्य, पण आग्नेयेच्या मोसमात तिथल्या पाण्याची ओढ माणसाला आत नेते. बघा, पोहू नका.

ला दीगच्या उत्तरेला फेलिसिते, कोको आणि ग्रांद सर. शांत हवेत कोकोभोवतीचं स्नॉर्केलिंग या फेरीतलं माझं सर्वांत आवडतं. जोराच्या वाऱ्यात हीच जागा नकोशी.

प्रालँवर अर्धा दिवस वाले द मे या दर्याई नारळाच्या जंगलासाठी ठेवा. १९८३ पासून जागतिक वारसा. सकाळी लवकर जा, काळे पोपट तेव्हा ओरडतात.

सातवी पायरी: नांगर

आठवडा सुखाचा की जागरणाचा, हे नांगरावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू. स्किपर असला तरी नाळेवर नांगर सोडायला तुमच्यातलंच कोणी उभं राहणार आहे.

आधी जागा बघा: वाळूचा फिकट पट्टा, पाच ते आठ मीटर खोली, भोवती बोट फिरायला पुरेशी मोकळीक. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही. त्यानं प्रवाळ मरतं आणि साखळी शिळेखाली अडकते. सागरी उद्यानांत जिथे बोये (बोट बांधायचे, तळाला जखडलेले तरंगते गोळे) लावलेले आहेत तिथे बोयाच घ्या, पण त्याच्या दोराची अवस्था डोळ्यांनी बघून.

साखळी किती सोडायची याचा हिशेब असा. खोली सहा मीटर. नाळ पाण्यापासून दीड मीटर वर. भरतीत पाणी आणखी दीड मीटर चढणार. झाले नऊ. त्याच्या पाचपट, म्हणजे पंचेचाळीस मीटर. खोली सहाच आहे म्हणून तीस मीटरवर भागवणारी बोट पहाटे शेजाऱ्याच्या बोटीला टेकलेली सापडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीचा फरक वाढतो, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) कमी होतो. पंचांग जवळ असेल तर इथे कामाला येतं.

बोट वाऱ्यात तोंड करून थांबवा. नांगर तळाला टेकू द्या, मग बोट वाऱ्यानं मागे जाईल तशी साखळी सोडत जा. एकदम ढीग टाकला की साखळी नांगरावरच गुंता होऊन बसते. पूर्ण सोडली की इंजिन हळूच रिव्हर्समध्ये, वेग वाढवत अर्धा मिनिट. हात साखळीवर ठेवा: थरथर जाणवली तर नांगर तळावरून घसरतोय. साखळी ताठ होऊन स्थिर राहिली की धरला. मग किनाऱ्यावरची दोन झाडं किंवा शिळा एका रेषेत धरून लक्षात ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. पाणी स्वच्छ असतं, तेव्हा मास्क लावून कोणीतरी पोहत जाऊन नांगराचं टोक वाळूत रुतलंय का ते बघून यावं. मुलांना हे काम फार आवडतं.

मोबाइलवर नांगराचा गजर लावायची ॲप मिळतात. लावा. वाऱ्याचा अंदाज रात्री आणि पहाटे दोन्ही वेळा बघा, आणि रात्रीत वारा दिशा बदलणार असेल तर आजची ‘आड’ उद्या उघडी पडेल, हे धरून आधीच हला.

काय करायचं नाही

भाल्याची बंदूक सेशेल्समध्ये बेकायदा आहे, घेऊन जाऊ नका. सागरी उद्यानांत मासेमारीला मनाई. बाहेर, चालत्या बोटीमागे गळ टाकायला बहुधा हरकत नसते, स्किपरला विचारा. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलू नयेत. ड्रोनला परवानगी लागते.

परतीचा दिवस

बहुतेक करारांत बोट शेवटच्या दिवशी सकाळी द्यायची असते, म्हणून आदल्या दुपारीच माहेला पोचलेलं असावं. शेवटची रात्र पुन्हा सँत आनजवळ काढली की सकाळी धावपळ नाही. परतीचं विमान त्याच दिवशी दुपारचं असेल तर आदल्या रात्री डिझेल भरून घेता येतं का ते विचारा. पंपावर सकाळी रांग असते.

कंपनीचा माणूस पाण्यात उतरून बोटीचा तळ तपासतो. तुम्ही सोबत उभे राहा, पहिल्या दिवसाचे फोटो हाताशी ठेवा. काही मोडलं असेल तर आपणहून सांगा, बिलाचा कागद मागा, आणि अनामत कधी मोकळी होणार ते लेखी घ्या. ती कार्डावर परत दिसायला काही आठवडे लागू शकतात. स्किपर आणि मदतनीस यांना बक्षिशी द्यायची रीत आहे, ती त्यांच्याच हातात द्या.

दर्याई नारळ घरी आणायचा मोह झालाच तर परवानाधारक दुकानातूनच घ्या. त्यावर सरकारी खूण आणि सोबत निर्यातीचा कागद हवा, नाहीतर विमानतळावर तो काढून घेतात. वजनाचाही विचार करा, मोठा नारळ वीस किलोच्या घरात जातो आणि विमानाच्या सामानात तेवढ्यानंच मर्यादा संपते.